कोणतेही चार

तिनं बाबांच्या हातातून पेन काढून घेतलं, तेव्हा ते वाक्याच्या मध्यावर होते.

"अगं, क्रियापद तरी लिहू दे!"

"तीन मिनिटं झाली. दोन गुणांना तीन मिनिटं. व्याख्या, एक कारण, एक उदाहरण, पूर्णविराम."

"पूर्णविरामाचे गुण मिळतात होय?"

"थांबल्याचे मिळतात."

तिनं वही ओढून घेतली. 'अविश्वास ठराव म्हणजे काय?' या प्रश्नाखाली दीड पान भरलं होतं. त्यात तीन सरकारं पडली होती आणि एक पडता पडता वाचलं होतं.

"आता वरची सूचना वाचा."

"पुढीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा."

"तुम्ही किती सोडवलेत?"

"सहा. सहाही येत होते, तर सोडू कशाला?"

"परीक्षक पहिले चार तपासतो, बाबा. पुढच्या दोनांकडे तो ढुंकून बघत नाही."

पस्तीस वर्षं बाबांनी घरोघर टपाल वाटलं होतं. पत्ता अर्धवट असो की शाई फुटलेली असो, पत्र परत पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटे. समोर आलेला प्रश्न तसाच ठेवून पुढं जाणं त्यांच्या हाडातच नव्हतं. त्यापायी बाकी सगळे विषय सुटूनही राज्यशास्त्रात ते दोनदा आपटले होते. छोटे प्रश्न झाडून सगळे, मोठे कोरे. यंदाची तिसरी संधी शेवटची. हुकली तर नोंदणीच रद्द होणार होती.

पदवीचा घाट आईनं घातला होता. "निवृत्त होऊन माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा शिका," म्हणत फॉर्मही तिनंच आणला होता. चार महिन्यांपूर्वी ती गेली आणि बाबांनी पुस्तकं माळ्यावर टाकली. मुलीनं रजा घेतली, पुस्तकं खाली काढली. आईच्या मागं राहिलेल्या कामांपैकी तिला हाती घेता येण्याजोगं तेवढंच होतं.

आठ दिवस ती त्यांना प्रश्न सोडून द्यायला शिकवत राहिली.

"हा का सोडलात?"

"तोंड बघवत नाही त्याचं."

"शाबास!"

"म्हातारपणी काय काय शिकावं लागतं," बाबा पुटपुटले आणि त्यांनी प्रश्नावर काट मारली.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकासमोर एकच बाक होता. मागच्या दोन्ही वेळी आई इथंच बसली असणार. ती कडेला टेकली.

शेवटची घंटा झाली. विशीतल्या परीक्षार्थींच्या घोळक्यातून बाबा सावकाश बाहेर आले.

"मोठे प्रश्न?"

"सगळे लिहिले. वर दहा मिनिटं उरली."

"आणि छोटे?"

"चार. मोजून चार."

तिनं रोखून धरलेला श्वास सोडला. "सोडले कोणते?"

"एक दबावगटांचा. तो येतच नव्हता."

"आणि दुसरा?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "सत्ता आणि अधिकार यांतला फरक."

"बाबा! तो तर तुम्हाला तोंडपाठ होता."

"आहे की. तुझ्या आईनंच करून घेतलाय, भाजी निवडता निवडता. उदाहरणही तिचंच. पोलिसानं हटकल्यावर थांबता, ती सत्ता. मी नुसतं बघितल्यावर थांबता, तो अधिकार." त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "लिहायला घेतला असता, तर तीन मिनिटांत आटपला नसता गं."

समोर त्यांची बस येऊन उभी राहिली. लोक चढू लागले. ती उठली नाही. सरकून तिनं बाबांना जागा करून दिली.

"मला सांगा," ती म्हणाली. "सगळा सांगा."

बाबा बसले. त्यांनी घसा खाकरला आणि व्याख्येपासून सुरुवात केली.