पहिल्या पायरीचा झोपमंत्र

दचकू नका, मीच बोलतोय. मी म्हणजे तळहाताएवढा एक पुठ्ठ्याचा तुकडा, कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेला. माझ्यावर शिसपेन्सिलीने लिहिलंय, "झोपमंत्र. पायरी पहिली." सगळी हयात मी दुसऱ्यांना झोपवण्यात घालवली आणि स्वतः मात्र अकरा वर्षं एका बिस्किटांच्या डब्यात टक्क जागा पडून होतो.

नव्या शर्टाची घडी ताठ राहावी म्हणून आत जो पुठ्ठा घालतात ना, त्यातून माझा जन्म झाला. शर्ट धाकट्याचा आणि कात्री ताईची. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची, आणि धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचा. ताईने त्या पुठ्ठ्याचे बारा तुकडे कापले, त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "हे तुझे मंत्र. सांभाळ." त्या शर्टाकडे मग कुणी बघितलंसुद्धा नाही.

आमचा खेळ असा होता. ताई एक गोष्ट सांगायची आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीत एकेक माणूस होऊन शिरायचे. कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. गोष्टीतल्या प्रत्येक जिवाला मोजके प्राण असत. मंत्रांना पायऱ्या असत. नवशिक्या मांत्रिकाला पहिल्या पायरीचेच मंत्र मिळायचे, म्हणजे माझ्यासारखे. आम्ही लिंबूटिंबू. दिव्याशिवाय उजेड पाडायचा, कुलूप उघडायचं, असली किरकोळ कामं आमच्याकडे.

दर रविवारी दुपारी तीन वाजता ताईच्या जेवणाच्या टेबलाभोवती चौघं जमायचे. ताई, धाकटा, त्याची बायको आणि वरच्या मजल्यावरचा बसड्रायव्हर. धाकट्याची बायको शाळेत गणित शिकवायची आणि तपासायचे पेपर बरोबर घेऊन यायची. एकही कधी तपासून झाला नाही. ड्रायव्हरला सगळे सारथी म्हणायचे. सहा दिवस बस हाकून झाली की सातव्या दिवशी हा गृहस्थ तलवारबाज व्हायचा आणि खुर्चीवरून उठून टेबलावर अशा काही थापा मारायचा की कपबशा उडायच्या. माझ्यावरचा चहाचा डाग त्याचाच.

काय दिवस होते ते! पंखा कुरकुरायचा, वर्तमानपत्राच्या मागे काढलेला नकाशा उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर औषधांच्या रिकाम्या बाटल्या ठेवलेल्या असायच्या. पन्नाशीकडे झुकलेली माणसं खुर्चीच्या टोकावर बसून एका फाशाकडे जीव मुठीत धरून बघायची. मी धाकट्याच्या उजव्या हाताशी असायचो. त्याला मी सगळ्यांत लाडका होतो, हे मला ठाऊक होतं आणि इतर अकरा जणांनाही ठाऊक होतं.

लाडका का नसेन? लिंबूटिंबूंमध्ये मीच एक असा निघालो की ज्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. माझ्यावर तेव्हा लिहिलं होतं, "४ फासे टाका. जेवढे पडतील तेवढ्या प्राणांचे शत्रू झोपतात." बस्स. ताईने पंधरा दिवस खपून एक पूल रचला होता. पुलावर सहा दरोडेखोर, प्रत्येकाचे तीन प्राण, त्यांच्या म्होरक्याला म्हणायला एक मोठं भाषणसुद्धा. धाकट्याने मला उचललं, फासे टाकले, एकोणीस पडले. सहाच्या सहा घोरायला लागले. भाषण ताईच्या वहीतच राहिलं.

"झालं?" सारथी म्हणाला. "अहो, मी अजून तलवार उपसली नाही!"

"झोपलेत बिचारे. पाय न वाजवता चला," धाकटा म्हणाला. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या दिवसापासून ताई माझ्या मागे लागली. ती औषधवाली, तिला सगळीकडे मात्रा दिसायची. "तुझ्या या मंत्राची मात्रा जास्त झालीय," ती म्हणायची. मग वाद व्हायचे. चाराचे दोन फासे झाले, तेव्हा मी इतका मिळमिळीत झालो की धाकटा मला उचलेना. पुन्हा चार केले आणि शत्रूला जागं राहायची एक संधी दिली. ती संधी नेमकी दर वेळी साधायची. पुन्हा खोडलं. शेवटी तीन फाशांवर तह झाला. खोडून खोडून माझी मधली ओळ मऊ पडली होती, बोट लावलं की लव जाणवायची.

या खोडाखोडीला टेबलाचा एक नियम होता आणि तो सगळे पाळायचे. कुठल्याही मंत्रात बदल करायचा तर चौघं हजर पाहिजेत, आणि ज्याचा मंत्र त्यानेच स्वतःच्या हाताने लिहायचा. कार्डावर जे असेल ते अखेरचं.

गणिताच्या बाईंनी एकदा पेपराच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करून ताईला दाखवली होती. "वन्सं, उगाच याच्या मागे लागू नका. पुढच्या पायऱ्यांवर शत्रूंचे प्राण वाढत जातात, याचे फासे तेवढेच राहतात. आणखी वर्षभराने या मंत्राला कुणी हिंग लावूनही विचारणार नाही. आपोआप मागे पडेल."

मला ते लागलं, नाही असं नाही. पण बाईंचं बरोबर होतं. पहिल्या पायरीच्या मंत्राचं आयुष्य असंच असतं. सुरुवातीला तो राजा असतो आणि नंतर खिशातला सुटा कागद. ताईने फक्त थोडं थांबायला हवं होतं.

ताई थांबली नाही. खेळाच्या तिसऱ्या वर्षी तिने एक खाण रचली. खाणीच्या तोंडाशी दोन राखणदार कुत्रे, पाच-पाच प्राणांचे. एका शनिवारी दुपारी दुकान बंद असताना ती जेवून टेबलाशी बसली, डबा उघडला आणि मला बाहेर काढलं. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने खोडरबराचा कोपरा घेऊन माझ्या ३ चं खालचं वळण पुसलं आणि तिथे एक छोटी शेपटी काढली. ३ चं २ करायला फारसं कसब लागत नाही. फुंकर मारून तिने रबराचा भुगा उडवला आणि मला डब्यात सगळ्यांच्या खाली ठेवलं.

मी तिला वाईट म्हणत नाही. या बाईने दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीत आपल्या मनाने कधी काडीचा बदल केला नव्हता. शंका आली तर फोन लावायची आणि गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी उत्तर येईपर्यंत थांबवून ठेवायची. पण आपण जीव ओतून रचलेली गोष्ट दर रविवारी चार मिनिटांत झोपी जाते, हे तिला सोसवेना. एक कुत्रा जागा राहावा, जरा झटापट व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं.

रविवारी सारथीचा तलवारबाज आधीच जखमी होता. दोन प्राण उरले होते. "तू पुढे हो, दोन्ही कुत्रे मी झोपवतो," असं त्याला सांगून धाकट्याने मला न बघताच उचललं आणि तीन फासे मुठीत घेतले.

"कार्ड बघ," ताई म्हणाली.

त्याने बघितलं. "दोन? आपण तीन केले होते ना?"

"मलाही तीनच आठवतायत," बाई म्हणाल्या.

"कार्डावर काय आहे?" ताईने वर न बघता विचारलं.

माझी इतक्यांदा खोडाखोड झाली होती की कुठला तह शेवटचा याची कुणालाच खात्री राहिली नव्हती. धाकट्याने डोकं खाजवलं. "अक्षर तर माझंच आहे. मीच विसरलो असेन," असं म्हणून त्याने एक फासा बाजूला ठेवला. उरलेल्या दोघांवर सहा आणि तीन पडले. नऊ. एक कुत्रा झोपला. दुसऱ्यासाठी एक प्राण कमी पडला. तिसरा फासा कसाही पडला असता तरी पुरलं असतं! मी गळा फोडून ओरडलो असतो, पण पुठ्ठ्याला गळा कुठे असतो?

दुसऱ्या कुत्र्याने सारथीच्या तलवारबाजाचा घास घेतला. मेलेला परत येत नाही, हाही टेबलाचा नियम होता. तीन वर्षांचा तो माणूस, त्याची तलवार, त्याच्या थापा, सगळं एका फाशापायी गेलं. सारथी हसून म्हणाला, "मेला तर मेला! दुसरा काढू." पण धाकटा हसला नाही.

"माझ्यामुळे गेला रे तो," धाकटा म्हणाला. "पक्कं माहीत नसताना मी त्याला पुढे पाठवलं."

त्या क्षणी ताईला बोलता आलं असतं. ती मूग गिळून बसली. पुढच्या रविवारीही बसली. आणि अशी गोष्ट एकदा गिळली की ती दर आठवड्याला जास्त जड होते.

धाकट्याने मांत्रिक सोडला. मग नियमाचं काहीही निघालं की म्हणायचा, "मला विचारू नका, माझ्या काही लक्षात राहत नाही." ताईशी तो नीट वागायचा, पण ताईच त्याच्या नजरेला नजर देईना, आणि त्याला वाटायचं की ती आपल्यावर नाराज आहे. टेबलावर गप्पा कमी होत गेल्या. सारथीला रविवारची ड्यूटी लागली, किंवा त्याने ती लावून घेतली. एका रविवारी कुणीच आलं नाही. ताईने डब्याचं झाकण लावलं आणि डबा कपाटावर ठेवला.

अंधारात मला फाशांचा खडखडाट आठवायचा. डब्यातले बाकीचे अकरा मंत्रही गप्प असायचे. आमच्यातला उजेडाचा मंत्रसुद्धा काही कामाचा निघाला नाही.

अकरा वर्षांनी झाकण उघडलं, तेव्हा समोर एक अनोळखी मुलगी होती. धाकट्याची लेक, तेव्हा लहानगी, आता कॉलेजात जाणारी. तिला मैत्रिणींबरोबर हाच खेळ सुरू करायचा होता. बाहेर दुपार होती. तेच टेबल होतं. ताईचे केस पांढरे झाले होते आणि धाकट्याचे बरेचसे गेले होते.

तिने नेमकं मलाच उचललं. "आत्या, पहिल्या पायरीचा मंत्र किती ताकदीचा ठेवायचा गं? जास्त ठेवला तर मजा जाते आणि कमी ठेवला तर कुणी वापरत नाही. बाबा, तुम्हीच सांगा ना."

"मला नको विचारूस, बाई," धाकटा हसत म्हणाला. "माझ्या लक्षात राहत नाही. या कार्डापायी मी एक माणूस मारलाय. तेव्हापासून दुकानातसुद्धा प्रत्येक घड्याळ दोनदा उघडून बघतो."

तो हसत होता. ताईने मात्र हातातला कप खाली ठेवला.

"तू चुकला नव्हतास," ती म्हणाली.

"काय?"

"तीनच होते. मी दोन केले. आदल्या दिवशी, तुमच्या कुणाच्या नकळत."

धाकट्याने लेकीच्या हातून मला घेतलं, खिशातलं घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि मला खिडकीच्या उजेडात धरलं. इतक्या जवळून माझ्याकडे कुणीच बघितलं नव्हतं. पुसलेल्या वळणाची खाच पुठ्ठ्यात अजून होती. त्याला ती दिसली. भिंग उतरवायला त्याला फार वेळ लागला, आणि उतरवलं तेव्हा डोळा ओला होता.

"म्हणजे मी बरोबर होतो," तो म्हणाला. "ताई, तो तलवारबाज मेला ते सोड. तो खेळच होता. पण अकरा वर्षं मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही गं."

"माहीत आहे. बघत होते मी."

"बघत होतीस!" एवढंच म्हणून तो उठला, फिरला, पुन्हा बसला. "सारथीला सांग. आत्ता. माझ्यासमोर."

ताईने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. काही न वगळता सगळं सांगितलं. पलीकडून सारथी म्हणाला, "अहो ताई, तो कुत्रा वगैरे मी केव्हाच विसरलो. मेला म्हणून मी यायचं थांबवलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता, तिथे बसवत नव्हतं, म्हणून थांबवलं."

ताई रडली. धाकटा तिच्याजवळ गेला नाही. दारात चपला घालताना म्हणाला, "मला थोडे दिवस रागावू दे. मी रागावलोच नाही कधी, कारण कुणावर रागवायचं ते माहीत नव्हतं."

"घे हवे तेवढे," ताई म्हणाली.

आता मी त्याच्या दुकानात, कामाच्या टेबलावरच्या काचेखाली असतो. चारी बाजूंनी टिकटिक चालते. लेक तिच्या मैत्रिणींबरोबर खेळते, तिचे मंत्र फोनमध्ये असतात आणि माझी तिला गरज नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही; पहिल्या पायरीच्या मंत्राने मागे पडायचंच असतं. धाकटा अजून ताईकडे गेलेला नाही. पण परवा एका घड्याळाचं झाकण लावून त्याने ते गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, तेव्हा ते दुसऱ्यांदा उघडून बघितलं नाही.

माझी एकच विनंती आहे. ताई आणि धाकटा पुन्हा टेबलाशी बसतील तेव्हा बसतील, पण मला कुणी दुरुस्त करू नका. माझ्यावरचं २ पुसून पुन्हा ३ करू नका. माणसाला एकदा स्वतःवर शंका घ्यायची सवय लागली की ती अधूनमधून परत येते. त्या दिवशी त्याने काच उचलावी, भिंग लावावं आणि ती खाच बघावी. तेवढ्यासाठी मी असाच, खाडाखोड केलेला, इथे पडून राहीन.