छापखान्यातली शिट्टी

मित्रांनो, बुडाला काळी आणि तोंडाने फटकळ अशी मी एक जुनी शिट्टीची किटली आहे.

माझी उमेदीची वर्षं एका छापखान्यात गेली. काय दिवस होते ते! यंत्रांचा धडधडाट एवढा, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. पण माझी शिट्टी सगळ्यांना पुरून उरायची. ती वाजली, की मशीनमन काका यंत्र थांबवत आणि बाइंडिंगवाल्या ताई हाताची खळ पुसून चहा गाळत. "ही किटली नव्हे, फौजदार आहे!" काका म्हणत.

छापखाना बंद पडला, तेव्हा ताईंनी मला भंगारात जाऊ दिलं नाही. पिशवीत घालून घरी आणलं.

पुढे काही वर्षांनी ताई मला गॅसवर ठेवायच्या आणि शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसायच्या. मी जीव तोडून ओरडायचे, त्या ढिम्म! दोनदा माझं बूड जळालं. सून घाबरली. "आई, तुम्ही आता गॅसजवळ जाऊ नका. तुमच्या लक्षात राहत नाही."

ताईंनाही ते खरं वाटलं. "माझं डोकं चाललं गं," म्हणत त्या रडल्या. जेवताना काही पुन्हा विचारलं, तर मुलगा म्हणे, "काही नाही, जाऊ दे." हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं आणि आपल्या खोलीत बसू लागल्या.

मग एकदा मशीनमन काका भेटायला आले. त्यांच्या कानात ऐकू येण्याचं छोटं यंत्र होतं. काका समोर बसून सावकाश बोलत, म्हणून गप्पा छान रंगल्या. सुनेने मला गॅसवर चढवलं. मी अशी काही वाजले, की बस!

"फौजदार अजून शाबूत आहे की!" काका म्हणाले. "ऐकलंत ना?"

"काय?" ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "वाजतेय ती?"

काकांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, डोकं ठणठणीत आहे तुमचं. कान गेलेत! माझेही त्या धडधडाटानेच गेले. बारीक आवाज आधी जातात."

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला.

तपासणी झाली, ताईंनाही यंत्र मिळालं. त्या दिवशी त्यांनी स्वतः मला गॅसवर ठेवलं. मी भीतभीतच शिट्टी दिली.

"अगं बाई, केवढी किंचाळतेस! ऐकलं, ऐकलं!" ताई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

यंत्र म्हणजे काही जादू नाही, मित्रांनो. गोंगाटात ताईंना अजून नीट कळत नाही. समोर येऊन बोललं, की कळतं. परवा जेवताना मुलाच्या तोंडून सवयीने निघालंच, "जाऊ दे."

"नाही जाऊ देणार," ताई म्हणाल्या. "सांग."

त्याने सांगितलं. तुम्हीही सांगत जा.