गार पाण्याने धुतलेले कोपर

मित्रांनो, मला चेहरे दिसत नाहीत, ऊब दिसते. मी एक जुना उष्मा-कॅमेरा आहे. माझ्या भिंगाला साधी काच चालत नाही, कारण अंगाची उष्णता तिच्यातून पार होत नाही. सुरुवातीची वर्षे मी नगरच्या एमआयडीसीत तापलेल्या तारा शोधल्या. नंतर डॉ. धनश्रींनी मला कोल्हारजवळ, ऊसतोड कामगारांच्या तळावर आणले. हाड मोडले की तिथे रक्त धावते आणि कातडी किंचित तापते. दुखरा हात दुसऱ्यापेक्षा उजळ दिसला, तर मुलाला एक्स-रेसाठी पाठवायचे, एवढेच माझे काम. पडद्यावर आपले पिवळे हात पाहून मुले ओरडत, "आरं, भूत हाय ह्यात!" तेव्हा माझे फार कौतुक होई.

मग बैलगाडीवरून पडलेली लहानगी सुकन्या आली. तिच्या आईने, पुष्पावतीने, कोपराला आंबेहळदीचा गरम लेप बांधला होता. तळावर सगळेच बांधतात. पण पूर्वी एका दवाखान्यात लेपावरून तिला फार ऐकावे लागले होते. म्हणून आमच्याकडे येण्याआधी तिने लेप खरवडला आणि हात टाकीच्या गार पाण्याने चोळून धुतला. हे आम्हाला मागाहून कळले.

"काही लावलं होतं का?" डॉक्टरांनी विचारले.

"न्हाई बाई. तशीच आनलीया."

खरे तर तपासणीआधी मुलाला हात उघडा ठेवून सावलीत बसवायचे असते. त्या दिवशी रांग मोठी होती. पडद्यावर कोपर निळे, गार दिसले. डॉक्टरांनी ते दाबून पाहिले. सुकन्याने ओठ आवळून धरले. दुखले तरी रडायचे नाही, असे आईने बजावले होते.

"मुका मार आहे. जपा," डॉक्टर म्हणाल्या.

घरी गेल्यावर सुकन्या बैलांसाठी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या उचलत राहिली. महिन्याने ती परत आली, तेव्हा हाड वाकडेच सांधले होते. आता पुष्पावतीने लेपाचे आणि गार पाण्याचे सांगितले.

"अहो, लेप होता तर सांगायचं ना!"

"तुमी बी वरडाल वाटलं, बाई."

डॉक्टरांनी मला बंद केले. तेव्हापासून मी कपाटात आहे. बॅटरी फुगली आहे, भिंगावर बुरशी चढते आहे.

मित्रांनो, यंत्राला समोरचे तेवढेच दिसते. आधी काय घडले ते माणसालाच विचारावे लागते, आणि सांगणाऱ्याला भीती वाटणार नाही असे विचारावे लागते. तुम्हाला लागले, तर काय लावले, काय केले, ते लपवू नका.

परत आली त्या दिवशी सुकन्या सुटलेली वेणी बांधायला हात मानेमागे नेत होती. तो अर्ध्यावरच थांबला. माझ्या पडद्यावर मात्र तिची दोन्ही कोपरे अगदी सारखी पिवळी दिसत होती.