मामाजींचं पोपटी जाळं

मामाजींच्या सिनेमाला आम्ही पाचजण गेलो. ‘मामाजींचा सिनेमा’ असं आमच्या मोहल्ल्यात म्हणतात. खरं तर तो जुन्या काळच्या एका राजावरचा आहे. मागच्या हिवाळ्यात त्याचं शूटिंग आमच्या तलावावर झालं. माझे सासरे, मनसाराम मामाजी, त्यात मागे उभं राहून जाळं फेकतात. आपण पडद्यावर दिसणार, हे त्यांनी घरोघरी सांगून ठेवलेलं. आधी आम्ही बघून यायचं, मग पुढच्या रविवारी मोहल्ला जीप करून जाणार, असं ठरलं.

ब्रह्मपुरीच्या टॉकीजमध्ये शिरल्याबरोबर मी बाहेर पडायचे दरवाजे मोजले. माझी मुलगी रिंकू चार वर्षांची. तिच्यासाठी कानात घालायला कापूस, स्वेटर, जास्तीची चड्डी. माझा नवरा प्रफुल म्हणाला, आपण लढाईवर चाललो नाही. पहिल्या वीस मिनिटांत दोन लढाया झाल्या. रिंकू झोपली. मी तिचा श्वास बघत बसले.

इंटरव्हलपर्यंत तलाव आलाच नाही. प्रफुल समोसे आणायला गेला, सासूबाई बाथरूमला. मामाजी माझ्याकडे सरकले.

“बाई, तू तं इतिहास शिकली. नायलॉन कवा आलं?”

“राजाच्या लई नंतर, मामाजी. काऊन?”

मग त्यांनी सांगितलं. शूटिंगवाल्यांनी त्यांना चहाच्या पाण्यात रंगवलेलं सुती जाळं दिलं होतं. नऊ वेळा फेकलं, नऊही वेळा पिळलेल्या लुगड्यासारखं पडलं. गावातल्या कोणाला तलावाच्या पाळीवर, बांधावर, येऊ दिलं नव्हतं, म्हणून अब्रू राहिली. दहाव्यांदा त्यांनी आपल्या डोंग्यातून, लहान नावेतून, स्वतःचं पोपटी नायलॉनचं जाळं काढलं. शूटिंगचे साहेब लांब होते. त्यांनी ओके म्हटलं.

“तेवढं कापलं असन काय?”

कापलं तर मोहल्ला हसेल, नाही कापलं तर टॉकीज.

कापलं नव्हतं. राजाचा वकील नदी ओलांडायला आला. नदी म्हणजे आमचा तलाव. मागे एक माणूस. जाळ्याची कड दातांत धरून फेकावं लागतं, त्यामुळे तोंड झाकलेलं. पोपटी जाळं ताटासारखं गोल उघडलं आणि पडलं. वकील पुढे गेला. कोणी हसलं नाही.

“हे तुमी होता काय?” सासूबाईंनी विचारलं. आम्ही सगळे तोंडच शोधत होतो.

घरी आल्यावर प्रफुलने मोहल्ल्यात सांगून टाकलं की चेहरा दिसत नाही, जीप राहू द्या. मामाजी दोन दिवस तलावावर गेले नाहीत. पण वारलूभाऊ ऐकेनात. तीस वर्षं मामाजींच्या बाजूला जाळं फेकणारा माणूस. जीप सांगितली हाय म्हणाले, आणि अकराजण घेऊन गेले.

परत आले ते सरळ आमच्या अंगणात. कुडावर वाळत घातलेलं जाळं त्यांनी उचललं आणि कडेला फाटल्यावर नारिंगी दोऱ्याने घातलेला सांधा सगळ्यांसमोर धरला.

“थोबाड नाई दिसलं तुयं, मनसाराम. हे दिसलं. असं जाळं इथी दुसऱ्या कोनाचं हाय?”

कोणाचंच नव्हतं. अकराजणांनी मान हलवली. जाळं गोल पडलं, हेही एकाने मान्य केलं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं.

रिंकू जाळ्याची शिशाची गोळी तोंडात घालत होती, ती मी काढून घेतली. नायलॉन कधी आलं, ते मला कोणी विचारलं नाही.