आधी सिव्हिल, मग सुरत

माझी बायको प्रमिला गेल्याचं मला म्हसावदच्या शेतात फोनवर कळलं. त्या सकाळी नंदुरबारच्या बाजारात ट्रॉलीचं चाक तिच्या मांडीवरून गेलं होतं. गावच्या माणसांनी तिला जीपमध्ये घातलं आणि थेट सुरत धरली. जखम मोठी असली की सुरत, असंच आमच्याकडे सगळे मानतात. नवापूर यायच्या आत ती गेली. तिथले डॉक्टर मला म्हणाले, रक्त नंदुरबारच्या सिव्हिल हॉस्पिटलातच थांबवून मग निघायला हवं होतं.

त्याच वर्षी व्यापारी अमरचंदशेठ यांचा मुलगा पारस मोटारसायकलवरून पडला. तो सुरतेला पोचला आणि वाचला. त्याच्या गाडीत डॉक्टर होता, रक्ताची पिशवी लावलेली होती. प्रमिलेच्या जीपमध्ये नुसती घोंगडी होती.

परवा मी मिरची घेऊन बाजारात गेलो होतो. रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या पिकअपनं हमाल रेवजीला भिंतीशी दाबलं. मांडी फाटली. त्याची बायको दिवलीबाई तिथेच मिरची निवडत होती, ती ओरडत आली. रुग्णवाहिका लांब होती. अमरचंदशेठ यांनी लगेच स्वतःची गाडी आणली.

"टाका मांगे. सुरत ली जाऊत."

मी दार धरलं. "शेठ, आधी सिव्हिल."

"भिलाभाऊ, याड लागनं का तुले? मन्हा पारस तठेच वाचना!"

"पारसनी गाडीमा डॉक्टर व्हता. तुमनी गाडीमा काय शे? अगरबत्ती!"

"सिव्हिलमा लोके मराले जातस," मागून एक हमाल म्हणाला.

दिवलीबाई आधीच गाडीत बसली होती. "भांडन मंग करा. जवळ जे शे, तठे ल्या त्याले!"

शेठ यांनी गाडी सिव्हिलकडे वळवली आणि वाटेतच तिथे फोन लावला. मी मागे बसून माझं उपरणं जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

डॉक्टर दारातच उभे होते. रक्त थांबलं, टाके पडले, दोन पिशव्या रक्त चढलं. तिसऱ्या प्रहरी डॉक्टर बाहेर आले.

"वाचला. हाडाचं ऑपरेशन सुरतेला करा, पण आता घाई नाही."

"दखा, सुरत तं मीबी सांगेल व्हती," शेठ म्हणाले. दिवलीबाई रडता रडता हसली. मला कडकडून भूक लागली. कितीतरी दिवसांनी तशी लागली होती.

बाजारात एक रुग्णवाहिका कायम उभी ठेवा, असं शेठ आणि मी बाजार समितीला सांगून आलो आहोत. ती अजून आलेली नाही.