कमाईचा रकाना

वर्नेलने डावा हात अंगाशी घट्ट धरून उजव्या हाताने कागद पुढे सरकवला. चर्चच्या तळघरात विम्याचे अर्ज भरून द्यायला बसलेल्या ओपलबाईंनी तो वाचला, कॉम्प्युटरवर आकडा टाकला आणि त्यांचा चेहराच पडला.

"वर्षाची कमाई एवढीच? शाळेच्या स्वयंपाकघरातली?"

"एवढीच."

रविवारी केक विकून मिळणारे पैसे तिने मुद्दाम गाळले होते. कमाई कमी दाखवली की मदत जास्त मिळते, हे मिसिसिपी राज्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

"मग तुला काहीच मिळत नाही गं."

"काहीच? अहो, मी गरीब आहे!"

"तेच तर! या विम्याला सवलत दारिद्र्यरेषेच्या वर कमावणाऱ्यांना. खालच्यांना सरकारी विमा मिळायचा होता, तो आपल्या राज्याने दिलाच नाही. ना इकडची ना तिकडची झालीस बघ."

वर्नेलने डावा हात आणखी आवळून धरला. काखेजवळची गाठ उन्हाळ्यात वाटाण्याएवढी होती. आता अंघोळीत तिथे हात लावायचीही तिला भीती वाटे.

"आठव बरं, आणखी काही काम करतेस? खरं असेल तेच सांग हं, मी शिकवणार नाही."

सापळा तर नाही हा? खोटं लिहिलं म्हणून धरतील?

"केक विकते... रविवारी."

"अगं बये! अख्खं चर्च तुझा केक खातं, आणि हे आत्ता सांगतेस?"

केकची कमाई धरली आणि सवलत लागू झाली. विमा मिळाला. वर्नेलला रडूच फुटलं.

"जानेवारीपासून सुरू," ओपलबाई म्हणाल्या. "अजून दोन महिने आहेत. तोवर काही दुखणं-खुपणं असेल तर सांग. बायकांना फुकट तपासणारी गाडी गुरुवारी येतेय, नाव घालते. आणि आता आजार पाहून कोणी विमा नाकारत नाही."

वर्नेलची मावशी मागे एकदा अर्जात आजाराचं खरं लिहून बसली होती. विमा कंपनीने तिला दारात उभंसुद्धा केलं नव्हतं. आता तसं नाही म्हणे. पण घटकाभरापूर्वी याच टेबलावर गरीब म्हणून नाही म्हणालेच होते की! हातात आलेलं कशाला घालवायचं?

ओपलबाई पेन्सिल घेऊन वाट पाहत होत्या.

"छे हो," वर्नेल डोळे पुसून हसली, "मला काय धाड भरलीय?"

ओपलबाईंनी गुरुवारची यादी बाजूला ठेवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.