चार ठिपके

तिने काचेची बशी उजेडाकडे धरली आणि मार्करने चौथा ठिपका मोजला. जिवाणूंच्या धुरकट थरात वाटोळी, स्वच्छ छिद्रं पडली होती. जिवाणूच्या पोटात दडलेला विषाणू बाहेर पडला की जिवाणू फुटतो आणि त्या जागी असा ठिपका उरतो. अतिनील प्रकाश दाखवलेल्या बशीत ठिपकेच ठिपके होते. ही बशी मात्र अंधारात ठेवलेली. इथल्या विषाणूंनी निमूट पडून राहायला हवं होतं.

"चार?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "का बाहेर पडले? कारण शोध. सहा महिने लागतील. मग प्रबंधावर सही करतो."

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात, सर."

"घाई करून चालत नाही."

दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळत होती. पदवीची अट नव्हती, होकार मात्र आजच कळवायचा होता. पण सात वर्षं! आईने तर नातेवाइकांत तिला केव्हाच डॉक्टर करून टाकलं होतं. आता रिकाम्या हाताने कोणत्या तोंडाने घरी जायचं?

काचसामान धुणाऱ्या मावशी नळ बंद करून म्हणाल्या, "माझ्या नातवाला मिसरूड फुटलं बाई, पण तुमचा शेवटचा प्रयोग काही संपेना."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

असे ठिपके पूर्वीही दिसल्याचं तिला आठवत होतं. तिने कपाटातून पहिल्या वर्षाची वही काढली. एका पानावर तिने तेव्हा भाबडेपणाने विचारलं होतं, 'अंधारातल्या बशीत तीन ठिपके का?' खाली लाल शाईत उत्तर होतं. ते तिने दोनदा वाचलं. मग कारखान्याला फोन केला आणि ऑफिसातून एक अर्ज आणला.

सरांनी अर्ज वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

"सोडून चाललीस? आणि कारणाची जागा कोरी?"

तिने वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. लाल शाईतलं अक्षर त्यांचंच होतं: 'काही आपणहून बाहेर पडतात. कारण शोधत बसू नये.'

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि मग पेन शोधू लागले.